बीजेजे: गार्ड पास करताना दरवेळी हाफ गार्डात अडकतो (नागपूरकर, मदत करा)

नागनदीकाठ

नमस्कार मंडळी,

प्रतापनगरला राहतो, नोकरी हिंगणा रोडला. ब्राझिलियन जिऊ-जित्सू सुरू करून वर्ष होऊन गेलं. वजन ६२ किलो, अजून व्हाइट बेल्ट. खालून खेळायला मनापासून आवडतं, पण वर असलो की गाडं अडतं. क्लोज्ड गार्ड उघडता येतो, नी-कट (गुडघा त्याच्या मांडीवरून कापत नेऊन पाय ओलांडणं) सुरू होतो, गुडघा पलीकडे मॅटला टेकतोसुद्धा, पण मागचं पाऊल समोरच्याच्या दोन पायांत राहून जातं. ते ओढून काढेपर्यंत त्याचा हात माझ्या काखेतून आलेला असतो आणि तो पाठीवर चढलेला असतो.

ड्रिलमध्ये हेच सगळं बिनबोभाट होतं, रोलिंगमध्ये, म्हणजे खऱ्या झटापटीत, नाही. कोच चांगले आहेत, ड्रिल कर म्हणतात, पण बॅच मोठी, प्रत्येकाच्या मागे किती लागणार. हलक्या माणसाने दाब देऊन पास करावं की पायांच्या बाजूने पळून? एकच पास घोटावा की चार-पाच शिकून घ्यावेत? आणि ते पाऊल कसं सोडवायचं, तेवढं कुणीतरी नीट सांगा.

तर्रीवाला

भाऊ, पहिले हे सांग, रोल कोणासोबत करून राहिला? आमच्या बॅचमध्ये मिहानमधला एक भाऊ आहे, ९५ किलोचा. त्याचे पाय बाजूला कराले दोन माणसं लागते. त्याच्या हाफ गार्डात अडकला असशील तर ते अडकणं नाही, मुक्काम आहे.

सहज_आलो

मी या खेळातला नाही, धागा वर दिसला म्हणून उघडला. गार्ड म्हणजे काय? बॉक्सिंगमध्ये तोंडासमोर हात धरतात ते का?

सोनेगावकर

@सहज_आलो, नाही. या खेळात पाठीवर असलेला माणूस पायांनी वरच्याला अडवतो, त्याला गार्ड म्हणतात. दोन्ही पाय वरच्याच्या कमरेभोवती घालून मागे घोटे अडकवले तर क्लोज्ड गार्ड. वरच्याचा एकच पाय आपल्या दोन पायांत धरला तर हाफ गार्ड. पाय मोकळे ठेवून तळवे, नडग्या आणि बाह्यांची पकड यांनी अडवलं तर ओपन गार्ड, आणि त्यात पुन्हा बटरफ्लाय, स्पायडर, डे ला रिवा असे बरेच प्रकार. हे सगळे पाय ओलांडून वरच्याने छातीपाशी पोचायचं आणि तिथे टिकायचं, म्हणजे गार्ड पास. आयबीजेजेएफ या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत त्याला ३ गुण, स्वीपला (खालून वरच्याला उलटवणं) २, माउंट (छाती-पोटावर बसणं) आणि बॅकला (पाठ घेणं) ४. पोचल्यावर ३ सेकंद पकड टिकवावी लागते. हाफ गार्डात असेपर्यंत पास धरतच नाहीत. धागाकर्ते ज्या ठिकाणी अडकतात तिथे घाम भरपूर जातो आणि गुण शून्य असतात.

आता मूळ प्रश्नाकडे. नागनदीकाठ, तुमचं पाऊल अडकतं ते पायाच्या कामामुळे नाही, वरच्या अंगाचं काम राहून गेल्यामुळे. गुडघा कापत न्यायच्या आधी दोन गोष्टी हातात हव्यात. पहिली, ज्या बाजूला पास करताय त्या बाजूची त्याची बाही. कोपराजवळ धरून वर ओढलेली, म्हणजे त्याला कोपर मॅटवर टेकवून उठता येत नाही. दुसरी, त्याच्या पलीकडच्या काखेतून गेलेला तुमचा हात. हा अंडरहूक तुमचा नसेल तर तो त्याचा असतो, मधलं काही नाही. तो त्याचा झाला की तो कुशीवर वळतो, तुमच्या काखेखालून बाहेर येतो आणि पाठ घेतो. तुम्ही वर्णन केलंय ते नेमकं हेच.

गुडघा हा सगळ्यात शेवटी जायचा असतो. तुमचा आधी जातोय.

ऑरेंजसिटी_रोलर

+१. ही बाही धरायची गोष्ट मला फार उशिरा कुणी सांगितली.

उंटखान्याचा

सोनेगावकरांशी तांत्रिक बाबतीत सहमत, पण ६२ किलोच्या माणसाला नी-कटच का शिकवायचा? नी-कट म्हणजे समोरच्याच्या मिठीत जाणं. हलक्याने मिठीत जाऊच नये. टोरिआंडो करा. दोन्ही हातांनी पँट गुडघ्याजवळ पकडा, पाय एका बाजूला फेका, आपण दुसऱ्या बाजूला. त्याला पकड मिळायच्या आत बाजूला पोचलात तर वजनाचा प्रश्नच येत नाही. लिआंड्रो लो बघा. टोरिआंडो आणि नी-कट यांच्या जोरावर माणूस पाच वेगवेगळ्या वजनगटांत जगज्जेता झाला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये साओ पावलोत त्याचा गोळी लागून मृत्यू झाला, तेव्हा आमच्या बॅचला कुणी नीट बोलत नव्हतं. त्याच्या जुन्या लढती लावा आणि फक्त पाय बघा. तो थांबत नाही. एक बाजू बंद झाली की त्याच लयीत दुसरी.

रामटेककर

उंटखान्याचा, लो नी-कटसुद्धा करायचा हे तुम्हीच लिहिलंय :)

मी ५४ किलोची आहे. आमच्या बॅचला मुली मोजक्या, त्यामुळे रोज माझ्यापेक्षा जड लोकांशीच रोल होतो. "हलक्यांनी पळा" हा सल्ला मलाही पहिल्या दिवसापासून मिळाला आणि माझ्यासाठी तो निरुपयोगी ठरला. पळून बाजूला गेले की जड माणूस कंबर सरकवून पाय परत मध्ये आणतो, मी पुन्हा सुरुवातीला. तिसऱ्या फेरीला माझा दम संपलेला, त्याचा नाही.

दाब म्हणजे वजन नव्हे. माझे गुडघे मॅटला टेकलेले असतील तर माझं अर्धं वजन मॅट उचलते. गुडघे वर, पायांची बोटं मॅटमध्ये रुतलेली आणि खांदा त्याच्या मांडीवर किंवा पोटावर असेल तर जवळजवळ सगळे ५४ किलो त्या एका जागी जातात. आमचे कोच याला ओलं पोतं म्हणतात. कोरडं पोतं कुणीही बाजूला करतो, ओलं पोतं तेवढंच असून अंगावर पसरतं आणि हलत नाही.

म्हणून मी ओव्हर-अंडर शिकले. एक हात त्याच्या एका मांडीवरून, दुसरा हात दुसऱ्या मांडीखालून, डोकं पोटाला चिकटलेलं, आणि बोटांवर चालत मांडीवरून घातलेल्या हाताच्या बाजूला. सावकाश, फार सावकाश. बर्नार्डो फारियाने हाच पास करून मोठमोठ्यांना हरवलंय. तो स्वतः जड गटातला, हे खरं, पण पासमध्ये जी यंत्रणा आहे ती हलक्यालाही तशीच लागू होते. फक्त मांडीखालून घातलेल्या हाताचं कोपर बंद ठेवायचं. ते उघडलं की एक हात आत, एक हात बाहेर, आणि समोरच्याला ट्रँगल, म्हणजे पायांनी मान आवळायचा डाव, मिळतो.

उंटखान्याचा

ताई, तुमचा मुद्दा मान्य, पण अर्धाच. ओव्हर-अंडर चालतो, पण तिथपर्यंत पोचायला आधी पायांजवळ जावं लागतं ना? स्पायडर गार्डवाला दोन्ही बाह्या धरून दंडावर तळवे लावतो, तेव्हा खांदा मांडीपर्यंत न्यायचा कसा? तिथे आधी हालचाल, पकड तोडणं, मग दाब.

रामटेककर

हो, हे बरोबर. पकड तोडल्याशिवाय कुठलाच पास नाही. बाहीची पकड तोडायची, पँटची पकड घ्यायची आणि मगच सरकायचं. आमच्याकडे नवीन मुलं पकड तशीच ठेवून पुढे घुसतात आणि पहिल्याच झटक्याला पालथी होतात.

लालमाती

नमस्कार. मी कुस्तीतला माणूस, वय झालं, आता आखाड्यात फक्त बसतो. पुतण्या या तुमच्या क्लासला जातो म्हणून धागा वाचला. एक गोष्ट मनाला पटत नाही ती मोकळेपणाने लिहितो. पाठ मातीला लागली की माणूस चित, कुस्ती संपली, हे आम्ही लहानपणापासून हाडात मुरवलेलं. इथे पाठीवर पडलेला माणूस लढत राहतो आणि वरचा त्याच्या पायांत अडकून बसतो. पुतण्या आखाड्यात चांगला पट काढतो, पाडतोही, आणि पाडल्यावर त्याचीच मान खालच्याच्या काखेत सापडते. हे काय आहे?

सोनेगावकर

काका, नमस्कार. तुमचा प्रश्न या धाग्याच्या गाभ्याला हात घालणारा आहे.

कुस्तीत पाडल्यावर दोन्ही खांदे टेकवले की निकाल लागतो. म्हणून पाडणाऱ्याला खालच्याचे पाय ओलांडायची गरज कमी पडते. इथे पाडल्याचे २ गुण मिळतात आणि पायांची वेगळी लढाई सुरू होते. तुमच्या पुतण्याची मान जाते कारण पट काढताना त्याचं डोकं समोरच्याच्या कमरेच्या बाहेर राहतं आणि पाडल्यावरही तो ते तिथेच ठेवतो. अशी मान काखेत धरून आवळण्याला गिलोटिन म्हणतात. डोकं आतल्या बाजूला, छातीला चिकटवून पट काढला, किंवा पडताक्षणी गिलोटिनच्या हाताच्या उलट बाजूला सरकला, तर हा त्रास फार कमी होईल.

कुस्तीवाल्यांची दुसरी सवय म्हणजे वर असताना तोल सावरायला हात मॅटवर टेकणं. मातीत ते चालतं. गार्डात टेकलेला हात म्हणजे खालच्याला किमुरा, हात पिळून खांदा अडकवायचा डाव. आणि तिसरी, कुणी उलटवायला लागलं की पोटावर वळणं. चित होऊ नये म्हणून कुस्तीवाला वळतो, आणि इथे पोटावर वळणं म्हणजे पाठ देणं.

पण पासिंगसाठी जे लागतं ते आखाडेवाल्यांकडे आधीच असतं. कंबर खाली ठेवायची समज, छातीचा दाब, पकडीची ताकद. आमच्या हॉलमध्ये कुस्तीतून आलेल्या पोरांना पाय ओलांडायचा रस्ता दाखवला की ती आमच्यापेक्षा लवकर पास करायला लागतात. पुतण्याला थोडे महिने द्या.

इप्पोन

लालमाती काका, मी जुडोतली. जुडोतही हा भाग आहे. खालच्याने वरच्याचा पाय स्वतःच्या पायांत अडकवला तर ओसाएकोमीची (दाबून धरण्याची) वेळ मोजत नाहीत, आधी पाय सोडवावा लागतो, मग २० सेकंद दाबून धरलं की इप्पोन, म्हणजे थेट विजय. म्हणजे हाफ गार्डातून पाऊल सोडवणं हा आमचा रोजचा सराव.

आणि तसंही हे सगळं एकाच घराण्यातलं आहे. कोडोकान या जुडोच्या मूळ संस्थेत घडलेले मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोचले, पुढे त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकले आणि तिथून ही शाखा फुटली. त्याच १९१४ साली आपल्या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झालं होतं, ज्यांच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. विदर्भाला अंगमेहनतीच्या विद्येचं वावडं कधीच नव्हतं.

लालमाती

इप्पोन बाई, अमरावतीच्या मंडळाचं नाव काढलंत, बरं वाटलं. आमचे वस्ताद तिथे शिकून आले होते. सोनेगावकर, डोकं आत ठेवायचं मी पुतण्याला आजच सांगतो. ते तर आखाड्यातही सांगतो आम्ही, ऐकत नाहीत पोरं.

तर्रीवाला

काका, तुम्हीच एकदा या न मॅटवर. पासिंग तुमच्याकडून शिकू, मग कस्तुरचंद पार्काजवळ तर्री-पोहे माझ्याकडून.

मेडिकल_चौक

मी फिजिओथेरपिस्ट, स्वतः निळ्या पट्ट्यापर्यंत खेळलेय. दाबाचं कौतुक चाललंय म्हणून दोन गोष्टी लिहिते, कृपया मनावर घ्या.

डबल अंडर (दोन्ही मांड्यांखालून हात घालून) किंवा स्टॅक (खालच्याची घडी घालून) पास करताना खालच्याचे गुडघे त्याच्या तोंडाकडे ढकलले जातात. सगळं वजन मानेच्या मणक्यांवर येतं. वरच्याने वजन पुढे ढकलण्याऐवजी आपले गुडघे त्याच्या कमरेखाली सरकवावेत, म्हणजे वजन त्याच्या पाठीच्या वरच्या भागावर, खांद्यांवर राहतं. खालच्याने मानेत कळ आली की लगेच टॅप करावा, म्हणजे थोपटून थांबायला सांगावं. सबमिशन (हार मानायला लावणारा डाव) नाही म्हणून टॅप करायचा नाही, असा काही नियम नाही. पासमध्येही टॅप करता येतो, आणि तो करणाऱ्याला कुणी हसत असेल तर कोचनी तिथल्या तिथे त्याला थांबवावं.

दुसरं, नी-कटमध्ये अडकलेला पाय पिळून ओढू नका. पाऊल जागेवर अडकलेलं आणि वरून तुमचं अंग फिरतंय, या स्थितीत मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) दुखावलेले रुग्ण मी पाहिलेत. गुडघ्यात "कट्" आवाज येऊन दुसऱ्या दिवशी सूज आली तर बर्फ लावून आठवडाभर वाट बघत बसू नका, दाखवून घ्या.

सहज_आलो

हे वाचून मला आता क्लास लावावासा वाटतोय आणि भीतीही वाटतेय. वय ३८. मे महिन्यात चालू असतं का?

तर्रीवाला

चालू असते न भाऊ. नवतप्यात गी (या खेळाचा जाड पोशाख) घालून रोल केला की बाकी वर्ष सोपं जाते. आमच्या हॉलमध्ये दोन मोठे कूलर आहेत. एक जुना, त्याच्या खसाच्या ताट्यांतून पाण्याचे थेंब उडते, म्हणून त्याच्यासमोरचा मॅटचा कोपरा कायम ओला. तिथं टोरिआंडो मारला की तू एकीकडे आणि पाय दुसरीकडे. जुने लोक नवीन पोट्ट्याले बरोबर त्याच कोपऱ्यात नेते.

ऑरेंजसिटी_रोलर

तो कोपरा म्हणजे आमच्या हॉलचा ब्लॅक बेल्ट आहे. त्याने भल्याभल्यांना स्वीप केलंय.

@सहज_आलो, ३८ अजिबात जास्त नाही. ४५ डिग्रीतही संध्याकाळची बॅच चालते. पाण्यात मीठ-साखर-लिंबू घालून आणा, नुसतं पाणी पिऊन पेटके येतात.

मेडिकल_चौक

आणि गी रोज धुवा. उन्हाळ्यात गजकर्ण अख्ख्या बॅचला होतो, एकाने लपवला की पंधरा जणांना. नागपूरच्या उन्हात गी तासाभरात वाळतो, तेव्हा "वाळला नाही" हे कारण फक्त पावसाळ्यात चालेल. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने मलम आणू नका, त्यातल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. खाज थांबते आणि बुरशी आत पसरत जाते. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि बरं होईपर्यंत मॅटवर येऊ नका.

सोनेगावकर

अवांतर महत्त्वाचं आहे, पण पावलाचं राहिलं. नागनदीकाठ, आता हे नीट वाचा.

पाऊल अडकलंय अशी वेळ आली आहे. तुमचा गुडघा आधीच पलीकडे आहे, म्हणजे निम्मं काम झालेलं आहे, राहिला फक्त घोटा. घोटा विसरा. वर बघा. अंडरहूक असेल तर डोकं त्याच्या हनुवटीखाली घालून त्याचं तोंड तुमच्यापासून दुसरीकडे वळवा. अंडरहूक मिळाला नसेल तर तोच हात त्याच्या मानेखालून घालून खांदा जबड्यावर, म्हणजे क्रॉसफेस. तोंड ज्या बाजूला त्याच्या उलट कुशीवर माणसाला वळता येत नाही, करून बघा. त्याचे दोन्ही खांदे मॅटला टेकले की त्याच्या पायांतला जोर आपोआप ढिला होतो, कारण पायाची पकड घट्ट करायला त्याला कुशीवरच असावं लागतं.

मग आपली कंबर त्याच्या डोक्याच्या दिशेला वळवा. मोकळ्या पायाचं पाऊल त्याच्या वरच्या गुडघ्यावर टेकवून तो ढकला आणि अडकलेली टाच आपल्या बुडाकडे ओढा. दोन्ही एकाच वेळी. पाऊल सुटतं. सुटल्यावर उडी मारून साइड कंट्रोलला, म्हणजे त्याच्या बाजूने छातीवर, जाऊ नका. तिथेच छाती ठेवून एक मोठा श्वास घ्या, त्याची कंबर हाताने अडवा, मग सरका. कितीतरी पास ३ सेकंदांच्या आत परत जातात ते या घाईमुळे.

उंटखान्याचा

हे उत्तम लिहिलंय. मीही हे असंच करतो, फक्त कधी शब्दांत मांडलं नव्हतं.

इप्पोन

जुडोत आम्ही यात एक भर घालतो. पाऊल सोडवताना त्याची पँट गुडघ्याजवळ मुठीत धरायची आणि खाली ढकलायची. गी असेल तर हा हात वापरा, पाय दमत नाही.

चौथी_स्ट्राइप

ड्रिलबद्दल कुणी बोललंच नाही. माझं मत थोडं कडक आहे. समोरचा प्रतिकार करत नाही असं ड्रिल हजार वेळा केलं तरी रोलिंगमध्ये पास लागत नाही. हालचाल पाठ होते, वेळ साधणं शिकता येत नाही. धागाकर्त्याचा कोच ड्रिल कर म्हणतो, त्यावर मला आक्षेप आहे.

रामटेककर

आक्षेप टोकाचा वाटतो. हालचालच माहीत नसेल तर वेळ कसली साधणार? ओव्हर-अंडरमध्ये कोपर कुठे ठेवायचं हे मला प्रतिकाराशिवायच्या ड्रिलमध्येच कळलं. प्रतिकारात तर फक्त ट्रँगल मिळत होता.

चौथी_स्ट्राइप

सुरुवातीला ड्रिल हवंच, तुमचं म्हणणं मान्य. पण वर्षभराने? त्यानंतर जागेवरून रोल करा. आमच्याकडे असं चालतं: दोघं हाफ गार्डातून सुरू करतात. वरच्याने पास केला, किंवा खालच्याने स्वीप केला, पाठ घेतली, सबमिट केलं, की थांबायचं आणि पुन्हा तिथूनच. ३ मिनिटांची फेरी, मग अदलाबदल. पूर्ण रोलमध्ये पासची संधी एखाद-दुसरी येते, इथे एका फेरीत दहा वेळा येते. धागाकर्त्याने तर अजून अलीकडून सुरू करावं. पार्टनरला सांगायचं, माझं पाऊल पकड आणि अंडरहूक घ्यायला जा. नेमकी जिथे गाडी बंद पडते तिथूनच फेरी सुरू.

सोनेगावकर

याला पूर्ण अनुमोदन. आणि पार्टनरला आधी सांगून ठेवा की ६० टक्के जोर लाव, नाहीतर मेडिकल चौकाला गाठावं लागेल.

उंटखान्याचा

एकच पास की अनेक, या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं. माझं मत: दोन, पण एकमेकांना जोडलेले. नी-कट आणि टोरिआंडो, किंवा नी-कट आणि लेग ड्रॅग (त्याचा पाय ओढून आडवा टाकून बाजूने जाणं). हेडक्वार्टर्सला उभे राहा, म्हणजे त्याचा एक पाय आपल्या दोन पायांच्या मध्ये, त्याच्या गुडघ्यावर आपली पकड, आपली पाठ सरळ. त्याने नी-शील्ड, म्हणजे मध्ये आडवा गुडघा, लावून नी-कट अडवला तर तोच पाय ओलांडून लेग ड्रॅग. लेग ड्रॅग अडवायला तो परत तुमच्याकडे वळला की नी-कट उघडा. राफाएल मेंडेस फेदर गटातला, म्हणजे गीसकट ७० किलोच्या आतला, आणि लेग ड्रॅग त्यानेच घराघरांत पोचवला. धागाकर्ते तर गीसकट ६४ च्या लाइट-फेदरमध्ये बसतील. जिऊ-जित्सूत वजन गी घालूनच होतं, हे स्पर्धेआधी लक्षात ठेवा, गी दीड-दोन किलोचा असतो.

रामटेककर

दोन जोडलेले पास, हे मला पटलं. माझे ओव्हर-अंडर आणि बॉडी लॉक. नो-गीला पँटची पकड नसते तेव्हा कमरेभोवती हात बांधून तसंच चालत जाते.

लालमाती

पुतण्याने काल डोकं आत ठेवून पट काढला. मान सापडली नाही. मग म्हणे त्याने गुडघ्याने मांडी दाबून पाय ओलांडला आणि वर गेला. घरी येऊन आईला पाटावर झोपवून दाखवत होता, तिने लाटणं उचललं.

तर्रीवाला

काका, आईने लाटण्याने फ्रेम घेतली. तो पास कोणालेच जमत नाही.

नागनदीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. थोडे आठवडे थांबून लिहितोय, करून बघितल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

चौथी_स्ट्राइपने सांगितलं तसं दोघा पार्टनरना घेऊन अडकलेल्या पावलापासून फेऱ्या केल्या. सोनेगावकरांचं "घोटा विसरा" हे सगळ्यात कामाचं निघालं. त्याचं तोंड पलीकडे वळवलं की त्याच्या मांड्यांची पकड सुटल्याचं माझ्या नडगीला जाणवतं. इतकं स्पष्ट जाणवतं की आता मी पाय ओढायच्या आधी त्याचीच वाट बघतो. रामटेककर ताईंचं गुडघे वर ठेवण्याचंही केलं. माझ्याच वजनाचा पार्टनर म्हणाला, आज काय खाऊन आलास. पँट मुठीत धरून ढकलायची इप्पोन यांची युक्ती गीमध्ये फार चालते.

टोरिआंडो अजून जमत नाही, पण सुरू केलाय, ओल्या कोपऱ्यापासून लांब.

आता नवीन अडचण. पाऊल सुटतं, मी बाजूला पोचतो, आणि समोरचा गुडघे पोटाशी घेऊन टर्टल होतो. याचे ३ गुण मिळतात का?

सोनेगावकर

नाही. ३ सेकंद पकडायच्या आत तो टर्टल झाला तर पास नाही, ॲडव्हान्टेज मिळतो (गुण बरोबरीत असले तर धरतात तो). पण वाईट वाटून घेऊ नका, तो पास वाचवायला पाठ देतोय. एक हात त्याच्या खांद्यावरून, एक काखेतून, छातीसमोर दोन्ही हात जोडून सीटबेल्ट घ्या, मग पायांचे हूक आत. पास ३, बॅक ४.

लालमाती

हे तर पोटावर गेलेल्या गड्यावरचं आमचंच काम. यात आमचा पुतण्या कुणाला हार जायचा नाही.

सोनेगावकर

काका, त्याला शनिवारच्या ओपन मॅटला, म्हणजे मोकळ्या सरावाला, पाठवा. नागनदीकाठ, तुम्हीही या, टर्टलपासून फेऱ्या करू. पुतण्याला वर ठेवू, तुम्ही खाली, मग उलट.

नागनदीकाठ

येतो. गी आणू की नो-गी?

सोनेगावकर

दोन्ही आणा. आणि बोटांना लावायची टेप. मागच्या वेळी सगळ्यांनी माझीच संपवली.

सहज_आलो

मी नुसता बघायला आलो तर चालेल का?

तर्रीवाला

ये न भाऊ. पण सैल पँट घालून ये, बघणारा कोणी बसून राहत नाही तिथं.